दात्याचा पैसा आणि परीक्षेची अट

झेरॉक्स तंत्राचे जनक चेस्टर कार्लसन १९६८ मध्ये निवर्तले, तेव्हा त्यांनी पुनर्जन्माच्या संशोधनासाठी व्हर्जिनिया विद्यापीठाला सुमारे दहा लाख डॉलर ठेवले. हा पैसा इयान स्टीव्हन्सन या मानसोपचारतज्ज्ञांच्या कामासाठी होता आणि त्यांच्या शोधाची वाट पुढे नागपूरपर्यंत आली. तेथील एक मराठी प्राध्यापिका १९७४ पासून अधूनमधून स्वतःला ‘शारदा’ म्हणवू लागली, घरच्यांचे मराठी तिला कळेनासे होई आणि ती बंगालीत बोलून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या बंगालमधील नातलगांची नावे सांगे. न शिकलेली भाषा बोलता येणे हा परामानसशास्त्राच्या, म्हणजे इंद्रियांपलीकडच्या अनुभवांचा अभ्यास करू पाहणाऱ्या शाखेच्या, दृष्टीने मोठाच पुरावा ठरला असता. परंतु तिला बंगाली लिपीची थोडी ओळख आधीच होती आणि ती भाषा तिच्या कानांवर किती पडली होती, हे मागाहून ठरवण्यास मार्ग नव्हता. स्टीव्हन्सन यांची चिकाटी वादातीत होती, तरी निकाल लागला नाही.

विमान-उद्योगपती जेम्स मॅक्डोनेल यांच्या पाच लाख डॉलरमधून १९७९ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईसला निघालेल्या परामानसशास्त्राच्या प्रयोगशाळेची तर फजितीच झाली, कारण जादूगार जेम्स रँडी यांनी धाडलेल्या दोन तरुणांनी निव्वळ हातचलाखीने तेथील संशोधकांना चकवले.

याउलट पुण्यात २००८ मध्ये जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी दुहेरी अंध पद्धतीने, म्हणजे देणाऱ्याला व घेणाऱ्याला उत्तर ठाऊक नसेल अशा रीतीने, घेतली. हुशार व मतिमंद मुलांच्या सरमिसळ कुंडल्यांपैकी प्रत्येकी ४० पाहून २७ ज्योतिषांनी कोणती कुंडली कोणत्या गटातील हे जे ओळखले, त्याचे सरासरी यश ४६ टक्के निघाले. नाणे उडवूनही याहून कमी मिळाले नसते. धनिकांनी अशा शोधाला भरघोस द्यावे, मात्र यश कशाला म्हणायचे, हे धनादेशापूर्वीच लिहून घ्यावे.

नांदेड जिल्ह्यातील किनवटच्या डोंगराळ भागात अशा दाव्यांच्या परीक्षेचा प्रश्न केवळ विद्वच्चर्चेचा नाही. सर्पदंशाच्या रुग्णाला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तरीही भगताचा मंत्र लागू पडल्यासारखा वाटतो, तो बहुतेक साप बिनविषारी असतात म्हणून, आणि ज्या घरात साप विषारी निघतो तेथे गमावलेला तास परत मिळत नाही. मराठवाड्यातील दात्यांनी नांदेडच्या विद्यापीठाला यासाठीच निधी द्यावा: कोणता साप चावला, रुग्ण आधी कोठे नेला, रुग्णालयात किती वेळाने पोहोचला आणि पुढे काय झाले, याची गावोगाव नोंद ठेवण्यासाठी.