गळालेल्या मुलांचा हिशेब

पाचवी आणि आठवीच्या मुलांना नापास करावे की करू नये, हा वाद आपल्याकडे पुन्हा उभा राहिला आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला त्याच इयत्तेत मागे ठेवण्यास मनाई केली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती मनाई सैल केली. महाराष्ट्राने २०२३ साली नियम बदलून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा लावली आणि २०२४ च्या डिसेंबरात केंद्र सरकारनेही आपल्या अखत्यारीतील शाळांसाठी तोच मार्ग धरला. या वादात ज्याची आठवण प्रकर्षाने व्हावी असे एक पुस्तक इटलीतील एका डोंगरी शाळेच्या आठ विद्यार्थ्यांनी मिळून लिहिले आणि ते १९६७ साली प्रसिद्ध झाले. एका शिक्षिकेला लिहिलेले ते प्रदीर्घ पत्र आहे आणि मराठीत ते ‘प्रिय बाई’ या नावाने आलेले आहे. पुस्तक आपल्याकडील शिक्षकांपैकी अनेकांच्या परिचयाचे आहे. परंतु त्या मुलांचा शिक्षक कोण होता आणि तो नेमके काय करीत होता, हे तितकेसे परिचित नाही. आजच्या वादाच्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे आहे.

फादर लोरेन्झो मिलानी यांचा जन्म १९२३ साली फ्लॉरेन्समधील एका सधन आणि विद्याव्यासंगी घराण्यात झाला. पणजोबा दोमेनिको कॉम्पारेत्ती हे नामांकित भाषापंडित; आई ज्यू वंशाची; घरात धर्मकर्माला फारसे स्थान नव्हते. पुस्तकांच्या भिंती आणि भाषांची जाणकार माणसे यांच्यात वाढलेल्या या मुलाने विद्यापीठाचा रस्ता सोडून चित्रकला धरली. महायुद्धाच्या धामधुमीत, १९४३ साली, तो कॅथलिक श्रद्धेकडे वळला आणि त्याच वर्षी धर्मशिक्षणालयात दाखल झाला. १९४७ मध्ये त्याला दीक्षा मिळाली. हा तपशील केवळ चरित्रासाठी सांगितलेला नाही. ज्याला वाचन आणि भाषा घरातच, श्वासासारखी मिळाली होती, त्यालाच तिची किंमत इतक्या तीव्रतेने कळावी, यात एक संगती आहे. आपल्याजवळ जे आहे ते कष्टाने मिळविलेले नसून वारशाने आले आहे, याची जाणीव त्यांना आयुष्यभर डाचत राहिली.

पहिली नेमणूक फ्लॉरेन्सजवळच्या कालेन्झानो येथील सान दोनातो या धर्मग्रामात झाली. आसपासच्या कापडधंद्यात राबणारी ही तरुण माणसे प्रवचनाला येत, ऐकत आणि जात. त्यांच्या पदरात काही पडत नाही हे मिलानींच्या लवकरच ध्यानात आले. कारण अश्रद्धेचे नव्हते, शब्दांचे होते. ज्याला वाक्य कळत नाही त्याला धर्म तरी कसा कळणार? मिलानींनी धर्मोपदेश बाजूला ठेवून रात्रशाळा काढली. कम्युनिस्ट कामगारांनाही तेथे यावयास संकोच वाटू नये म्हणून त्यांनी वर्गाच्या भिंतीवरचा क्रूस उतरवून ठेवला. एका धर्मगुरूने हे करावे, यावरून त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेणारे निघालेच. पण त्यांची भूमिका स्वच्छ होती. शब्दांवर हुकमत आलेला माणूस सत्य स्वतः शोधू शकेल. त्याला अगोदरच कोणत्या कळपात घालण्याचा अधिकार शिक्षकाला नाही.

परिणाम व्हायचा तोच झाला. १९५४ च्या डिसेंबरात त्यांची रवानगी बार्बियाना येथे करण्यात आली. मुजेल्लो भागातील डोंगरउतारावर विखुरलेली थोडी घरे, एक चर्च आणि एक दफनभूमी, एवढाच त्या गावाचा विस्तार होता. तेथे रस्ता नव्हता, पाणी नव्हते, वीज नव्हती. चर्च बंदच करावयाचे, इथपर्यंत गोष्टी आल्या होत्या. एकतीस वर्षांच्या तरुण धर्मगुरूला तेथे पाठविणे याला बदली म्हणणे हा सभ्यपणाच होय. मिलानींनी तेथे पोहोचल्यावर लगेच दफनभूमीत स्वतःसाठी जागा विकत घेतली. येथून आपण जाणार नाही, हे सांगण्याची ती त्यांची रीत होती. १९५८ साली त्यांचे धर्मकार्याच्या अनुभवांवरील पुस्तक व्हॅटिकनच्या होली ऑफिसने विक्रीतून काढावयास लावले. तरीही त्यांनी चर्च सोडले नाही आणि गावही सोडले नाही.

प्राथमिक शाळा संपवून घरी बसलेल्या सहा मुलांना घेऊन बार्बियानाची शाळा सुरू झाली. पुढे आजूबाजूच्या खेड्यांतून, सरकारी शाळांनी नापास करून घरी धाडलेली मुले डोंगर चढून येऊ लागली. शाळा सकाळी भरे ती संध्याकाळपर्यंत चाले. रविवारची सुटी नव्हती, उन्हाळ्याची नव्हती, नाताळचीही नव्हती. शहरी पालकांना हे ऐकून धक्का बसेल; परंतु शाळा सुटल्यावर ज्याला गाईंचे शेण काढावयाचे आहे, त्याच्या दृष्टीने शाळा हीच विश्रांती असते. मोठ्या मुलांनी धाकट्यांना शिकवावे असा शिरस्ता होता. जो मागे पडला आहे तो वर्गातला सर्वांत महत्त्वाचा विद्यार्थी, आणि त्याला कळेपर्यंत बाकीचे पुढे जाणार नाहीत. रोज वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जाई आणि प्रत्येक अवघड शब्दापाशी थांबून त्याची चिरफाड होई. वर येणाऱ्या पाहुण्याला, मग तो कितीही मोठा असो, मुलांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागत. परकीय भाषा ग्रामोफोनच्या तबकड्यांवरून शिकविल्या जात आणि पुढे हीच मुले परदेशी जाऊन, मिळेल ते काम करीत, त्या भाषा बोलून येत. डोंगरातल्या मुलांची पाण्याची भीती मोडावी म्हणून सर्वांनी मिळून एक लहानसा तलावही बांधला.

१९६५ साली काही निवृत्त लष्करी धर्मगुरूंनी, सदसद्विवेकबुद्धीला स्मरून सैन्यात जाण्यास नकार देणाऱ्यांना भेकड ठरविले. मिलानींनी त्याला जाहीर उत्तर दिले आणि त्यांच्यावर खटला झाला. १९६६ च्या फेब्रुवारीत ते निर्दोष सुटले. त्या वेळी कर्करोगाने त्यांना पुरते घेरले होते.

‘पत्रा’ची रचना ही मिलानींच्या अध्यापनपद्धतीची सर्वांत चांगली साक्ष आहे. प्रत्येक मुलाने सुचलेली गोष्ट चिठ्ठीवर लिहावयाची. सगळ्या चिठ्ठ्या एका मोठ्या टेबलावर पसरून पुनरुक्ती काढावयाची. उरलेल्यांचे गट, गटांचे उपगट पाडावयाचे. मग मजकूर तयार करून त्यातला एकेक अनावश्यक शब्द छाटावयाचा, आणि शेवटी बाहेरच्या, शक्यतो कमी शिकलेल्या माणसाला वाचावयास देऊन जे त्याला कळत नाही ते पुन्हा लिहावयाचे. निबंधलेखन हे प्रतिभेचे काम नसून कसबाचे काम आहे, आणि कसब कोणालाही शिकविता येते, असा त्यामागचा विश्वास होता. या मुलांनी सरकारी आकडेवारीवरही असेच काम केले, आणि इटलीच्या भौतिकशास्त्र संस्थेने पुस्तकातील संख्याशास्त्रीय भागासाठी त्यांचा गौरव केला.

त्या आकडेवारीतला मुद्दा समजून घेण्यासारखा आहे. शिक्षिका आपल्या वर्गाकडे पाहते तेव्हा तिला पटावरची मुले दिसतात, गळालेली दिसत नाहीत. कारण त्यांच्या जागी खालून नवी आलेली असतात. दरवर्षी शंभरातली दहाच मुले गळतात असे धरले, तर तो आकडा कोणालाच भयंकर वाटणार नाही. परंतु पहिल्या शंभर मुलांचाच माग काढत गेले, तर पाच वर्षांनी त्यांतली एकोणसाठच उरतात. एका वर्षाचा ताळेबंद पाहणारा आणि एकाच तुकडीचा जन्मापासून हिशेब ठेवणारा, हे दोघे एकाच शाळेविषयी बोलत असले तरी त्यांचे निष्कर्ष जुळणार नाहीत. मुलांनी पुढचे पाऊलही टाकले. गळालेल्यांच्या बापांचे धंदे त्यांनी तपासले, तेव्हा शेतकऱ्या-मजुरांची मुले नापास होतात आणि डॉक्टरांची होत नाहीत, हे कागदावर दिसू लागले. जो कर सर्वांकडून गोळा होतो, त्यातून चालणाऱ्या उच्च शिक्षणाचा लाभ मात्र थोड्यांच्याच पदरात पडतो, हेही त्यांनी बजावले. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी शेतकऱ्यांच्या पैशाबद्दल मांडलेले गाऱ्हाणे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा युक्तिवाद परका वाटू नये.

मिलानींवर नंतरच्या काळात इटलीत एक ठपका सतत ठेवण्यात आला, तो असा की, शाळेचा दर्जा घसरविण्याचे मूळ या माणसात आहे. हा ठपका अर्धवट वाचनातून आलेला आहे. नापास करू नका, ही ‘पत्रा’तील मागणी खरी; परंतु तिच्या लगत दुसरी मागणी आहे. जो मंद वाटतो त्याला पूर्णवेळ शाळा द्या, आणि जो आळशी वाटतो त्याला शिकण्याचे प्रयोजन द्या. पहिल्या मागणीला पैसा लागत नाही, दुसरीला लागतो. सरकारे कोणती उचलतात हे सांगावयास अर्थशास्त्राची पदवी नको.

आपल्याकडेही नेमके हेच घडले. शिक्षणहक्क कायद्याच्या सोळाव्या कलमाने नापास करणे बंद केले, ते सर्वांच्या तोंडी झाले. त्याच कायद्याच्या चोविसाव्या कलमाने प्रत्येक मुलाची कुवत पाहून गरजेप्रमाणे जादा शिकविणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरविले होते. ते कोणाच्या स्मरणात आहे? सत्ताविसाव्या कलमाने शिक्षकांना अशैक्षणिक कामांतून मुक्त केले, पण जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांचा अपवाद ठेवला. तो अपवाद केवढा आहे हे जिल्हा परिषदेच्या कोणत्याही शिक्षकाला विचारावे. पहिली ते पाचवीसाठी कायद्याने किमान दोनशे दिवस शाळा ठरविली आहे, तर बार्बियानाची शाळा तीनशे पासष्ट दिवस भरत होती. वेळ न वाढविता वरच्या वर्गात ढकललेले मूल आठवीत जाऊनही वाचू शकले नाही, यात नवल ते काय? त्याचा दोष परीक्षा नसण्यावर टाकणे सोयीचे आहे, एवढेच.

अर्थात मिलानींचे उदाहरण जसेच्या तसे उचलता येणार नाही. ते ब्रह्मचारी होते, त्यांना संसार नव्हता आणि वर्गात वीस-तीसच मुले होती. ज्या शिक्षिकेला ‘पत्रा’त धारेवर धरले आहे, तिला कदाचित घरी जाऊन स्वयंपाक करावयाचा असेल, तिच्या बाजूने एकही शब्द त्या मुलांनी लिहिलेला नाही, आणि हा अन्यायच आहे. बार्बियानात मुली फार थोड्या आल्या, हेही विसरता कामा नये. एका माणसाने आयुष्य जाळून जे केले, ते पगारी नोकरांच्या यंत्रणेकडून फुकट मागणे गैर होय. म्हणूनच ते विकत घ्यावे लागेल, म्हणजे जादा शिक्षक, जादा तास आणि त्यांचा जादा पगार, असे या प्रश्नाचे अर्थसंकल्पी रूप आहे.

पुस्तक मे १९६७ मध्ये बाहेर पडले आणि २६ जूनला मिलानी वारले. वय अवघे चव्वेचाळीस. त्यांना बार्बियानातच, पूर्वी घेऊन ठेवलेल्या जागेत पुरले. २०१७ साली तत्कालीन पोप फ्रान्सिस त्या डोंगरावर जाऊन त्यांच्या थडग्यापाशी प्रार्थना करून आले. चर्चला तेथे पोहोचावयास पन्नास वर्षे लागली.

आपल्याकडील सुधारित तरतुदीनुसार नापास झालेल्या मुलाला निकालानंतर दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षेची संधी द्यावयाची आहे. महाराष्ट्रात निकाल मेच्या आरंभी लागतात आणि त्या दोन महिन्यांचा मोठा भाग उन्हाळ्याच्या सुटीत जातो. वर्षभरात जे मुलाला समजले नाही, ते या काळात कोणी, कोणत्या खोलीत बसून शिकवावयाचे आणि त्या शिक्षकाला त्याचा मोबदला कोणत्या शीर्षाखाली मिळावयाचा, हे प्रत्येक जिल्हा परिषदेने आणि महानगरपालिकेने परीक्षेचे वेळापत्रक लावण्यापूर्वी जाहीर केले पाहिजे. तोवर पाचवीतल्या कोणत्याही मुलाच्या प्रगतिपुस्तकावर लाल शेरा मारण्याचा अधिकार कोणाला पोहोचत नाही.