आयुक्तांची पेन्शन सुरक्षित, सफाई कामगाराचा पीएफ कुठे?

केंद्र सरकारने जानेवारी २०२५ मध्ये आठव्या वेतन आयोगाची घोषणा केली. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी न्या. रंजना देसाई यांच्या आयोगाच्या कार्यकक्षेला मंजुरीही मिळाली. आधी केंद्र, मग राज्य, मग महापालिका, अशी ही पगारवाढ वरून खाली येते. सातव्या आयोगाच्या वेळी महापालिकांसाठीचा शासन निर्णय २०१९ मध्ये निघाला होता. प्रश्न एवढाच की, खाली म्हणजे नेमके कुठपर्यंत?

मीरा-भाईंदर महापालिकेचेच उदाहरण घेऊ. आयुक्तांची नेमणूक राज्य शासन करते, पगार मात्र महापालिकेच्या तिजोरीतून जातो. शासनाचा अधिकारी परसेवेत आला की त्याच्या रजावेतनाचे आणि निवृत्तिवेतनाचे अंशदानही त्याला घेणाऱ्या संस्थेने भरायचे, असा नियम आहे. म्हणजे साहेब तीन वर्षे राहोत की तीन महिने, त्यांच्या म्हातारपणाची तरतूद भाईंदरचा करदाता करतो. १ एप्रिल २०२५ पासून केंद्राने एकीकृत पेन्शन योजना आणली. तिच्यात सरकारचा वाटा साडेअठरा टक्के, आणि दहा वर्षे सेवा झाली की किमान १०,००० रुपये पेन्शनची हमी.

आता त्याच शहराचा रस्ता झाडणारा कामगार पाहा. तो ठेकेदाराचा माणूस. त्याच्या पेन्शन खात्यात मालकाच्या वाट्यातून ८.३३ टक्के जातात, तेही २०१४ मध्ये ठरलेल्या १५,००० रुपयांच्या मर्यादेवर, म्हणजे महिन्याला फार तर १,२५० रुपये. किमान पेन्शन त्याच वर्षी ठरली १,००० रुपये. एकाला दहा हजार, दुसऱ्याला एक हजार! आणि हे सुद्धा ठेकेदाराने पैसे भरले तर. ठेका बदलला की ठेकेदार बदलतो, झाडू तोच राहतो, झाडणारा तोच राहतो. सेवा मात्र कागदावर पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते.

अधिकाऱ्यांना पगार देऊ नका, असे आंबेडकरी चळवळ कधीच म्हणणार नाही. १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात मंत्र्यांच्या पगाराच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी कार्यक्षमता, लोकशाही आणि कारभाराची शुद्धता या कसोट्या मांडल्या होत्या. निव्वळ काटकसरीला त्यांनी तत्त्व मानले नाही. मग तीच कसोटी सफाई कामगाराला का नको?

याचे उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. आस्थापना खर्च ३५ टक्क्यांच्या आत ठेवा, असा शासनाचा दंडक आहे. कायम कामगाराचा पगार आस्थापना खर्चात धरला जातो. ठेकेदाराचे बिल मात्र दुसऱ्या शीर्षाखाली पडते. माणूस वहीतून पुसला की खर्च कमी दिसतो. ऑगस्ट २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासक म्हणून आयुक्तच सभागृह होते. तेव्हा अंदाजपत्रक मांडणारेही तेच आणि मंजूर करणारेही तेच. कामगाराने दाद कुणाकडे मागायची?

कायदा आपल्या बाजूने अगदीच मुका नाही. पेन्शन ही खैरात नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या नाकारा खटल्यात सांगितले. समान कामाला समान वेतनाचे तत्त्व तात्पुरत्या कामगारांनाही लागू आहे, हे २०१६ च्या जगजितसिंग निकालात सांगितले. मुंबईतील कचरा वाहतूक करणाऱ्या सुमारे २,७०० कंत्राटी कामगारांना कायम करण्याचा निवाडा २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही टिकला. तो कुणी दान दिला नाही, संघटनेने वर्षानुवर्षे लढून मिळवला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांनी मुख्य कामात ठेका पद्धतीला बंदी घातली, पण सफाईचे काम मुख्य नव्हे, अशी पळवाटही ठेवली. मात्र त्या पळवाटेलाच एक अट आहे : ती संस्था त्याच कामासाठी स्थापन झालेली नसावी. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ चे कलम ६३ उघडा. रस्त्यांची साफसफाई हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. जे काम करण्यासाठीच महापालिका आहे, ते तिचे मुख्य काम नाही, असे कोणत्या तोंडाने सांगणार? हा मुद्दा संघटनांनी आताच न्यायालयात नेला पाहिजे.

तोवर हातातले हत्यार वापरू या. प्रत्येक कामगाराने आपल्या पीएफ खात्याचे पासबुक काढावे. कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात ठेकेदाराची दरमहाची पीएफ चलने मागावीत. ठेकेदाराने पैसे बुडवले तर मूळ मालक म्हणून महापालिका जबाबदार आहे, हे लेखी कळवावे. चलन पाहिल्याशिवाय ठेकेदाराचे बिल काढू नका, हा ठराव नगरसेवकांनी सभागृहात मांडावा. मते मागायला आमच्या वस्तीत येणाऱ्या प्रत्येकाला हा एकच प्रश्न विचारा.

एक माणूस, एक मत आपल्याला मिळाले. एक माणूस, एक मूल्य अजून बाकी आहे, हा इशारा बाबासाहेबांनी संविधान सभेत १९४९ मध्येच दिला होता. ते मूल्य भाषणात मोजायचे नसते. महापालिकेच्या पगारपत्रकात आणि पीएफच्या चलनात मोजायचे असते.