सायकलला पाटी नसते

गेल्या काही वर्षांत थंडी सुरू झाली की आमच्या वेंगुर्ला-शिरोडा भागात सायकलवाल्यांचे जथे दिसू लागतात. डोक्यावर हेल्मेट, अंगात चापूनचोपून बसणारे रंगीत कपडे, हँडलला लावलेला मोबाइल. पुणे, कोल्हापूर, बेळगाव, कुठून कुठून येतात. पूर्वी ज्याला दुसरे वाहन परवडत नसे तो सायकल चालवायचा. आता ज्याच्या दारात दोन मोटारी आहेत तो चालवतो. काळाचा महिमा! पण मला ही मंडळी आवडतात. निदान वाटेत थांबून माणसाला रस्ता तरी विचारतात.

येत्या थंडीत माझा पुण्याचा भाचाही मित्रांना घेऊन वेंगुर्ल्याहून गोव्यातल्या हरमलपर्यंत सायकलने जाणार आहे. त्याने फोनवर विचारले, "मामा, सगळ्यांत जवळचा रस्ता कुठला?" त्याला उत्तर दिले, पण प्रश्न मनात घोळत राहिला. कारण तो एकट्या भाच्याचा नाही. महाराष्ट्र-गोवा सीमेवर सध्या सगळेच, दोन्ही सरकारे धरून, जवळचा रस्ता शोधत आहेत. माझे मत असे की जवळचा रस्ता मोटारींसाठी खुशाल करा. पण लांबचा, अरुंद, फेरीबोटीतून जाणारा जुना रस्ता आहे तसा राखा, आणि तो सायकलवाल्यांच्या व पायी चालणाऱ्यांच्या नावावर राखा.

आधी थोडा भूगोल (शिक्षकी सवय, जात नाही!). तेरेखोल नदी सह्याद्रीतून निघते, बांद्यावरून खाली येते आणि शेवटच्या टप्प्यात दोन राज्यांची हद्द होऊन समुद्राला मिळते. उत्तरेला सिंधुदुर्ग, दक्षिणेला गोव्याचा पेडणे तालुका. पण हा सरळ हिशेब नदीच्या मुखाशीच चुकतो. तेरेखोलचा किल्ला आणि गाव उत्तर तीरावर, म्हणजे महाराष्ट्राच्या अंगाला, आणि तरीही गोव्यात! किल्ला मूळचा सावंतवाडीकरांचा. १७४६ साली पोर्तुगिजांनी तो घेतला आणि पुढे तो तुकडा गोव्यालाच चिकटून राहिला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा फडकवला होता. आज तेरेखोलच्या माणसाला आपल्याच राज्यात जायचे तर फेरीबोटीने पलीकडे केरीला उतरायचे, नाहीतर रेडीवरून महाराष्ट्रातून वळसा घालायचा.

भाच्याला मी जो रस्ता सांगितला तो असा. वेंगुर्ल्याहून सकाळी लवकर निघून मोचेमाड, टांक, आरवली करत शिरोडा गाठायचे. वीसेक किलोमीटर. समुद्रकाठचा रस्ता म्हणजे सपाट, असा शहरी लोकांचा समज असतो. तो पहिल्याच चढावर उतरतो. आमच्याकडे जांभ्याचे सडे थेट समुद्रापर्यंत येतात आणि मधे मधे खाड्या त्यांना कापतात. त्यामुळे प्रत्येक खाडीला एक उतार आणि लगेच एक चढ. शिरोड्याहून रेडी, रेडीहून तेरेखोलचा सडा, तिथून खाली फेरीबोटीच्या धक्क्यावर. पलीकडे केरी आणि पुढे हरमल. परत येताना केरीहून नदीच्या काठाने पालयेमार्गे किरणपाणीला यावे, पूल ओलांडून आरोंद्यात आणि तिथून शिरोड्याला. शिरोड्यापासून शिरोड्यापर्यंतचा हा फेरा तीस-पस्तीस किलोमीटरचा होईल. धडधाकट माणसाला दोन-तीन तासांचे काम. पण दोन-तीन तासांत करू नये, दिवस घालवावा.

आणखी दोन गोष्टी सांगितल्या. दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो. दक्षिणेला जाताना तो पाठीशी असतो, परत येताना तोंडावर. म्हणून परतीचा प्रवास सकाळी करावा. आणि भरती-ओहोटीची वेळ आधी विचारून घ्यावी. तेरेखोलच्या मुखाशी वाळू साचते. मोठ्या ओहोटीला पाणी कमी झाले की फेरीबोट थांबते. मग धक्क्यावर बसून राहायचे. फोनवरचा नकाशा मिनिटे मोजतो, त्याला चंद्र कळत नाही.

या रस्त्यावर पाहण्यासारखे काय, तर सगळे सावकाश दिसणारे. आरवलीला वेताेबाच्या देवळात भल्यामोठ्या चपला ठेवलेल्या दिसतील. हा देव रात्री गावाची राखण करत पायी फिरतो, त्याच्या चपला झिजतात, म्हणून भक्त नव्या वाहतात. शिरोड्याला १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. तिथल्याच शाळेत १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे वि. स. खांडेकर शिक्षक होते. रेडीला यशवंतगड आहे, आणि १९७६ साली खाणीच्या परिसरात सापडलेला द्विभुज गणपती आहे. मोटारीतून जाणाऱ्याला यातले फक्त गणपतीचे पार्किंग सापडते.

पण हा रस्ता केवळ पाहुण्यांचा नाही, हे मला मुख्यतः सांगायचे आहे. पेडण्याच्या बाजूला पहाटे भोंगा वाजवत पोदेर येतो, मागे टोपलीत उंडे आणि पोळी. बरेच पोदेर आता मोटारसायकलवर गेले, पण सायकलवाले संपलेले नाहीत. आमच्या बाजूला मासळीवाला, शेताकडे निघालेला म्हातारा, शाळेला निघालेल्या मुली. आरोंदा-किरणपाणी पूल होण्यापूर्वी पलीकडची काही मुले पाण्यातून अलीकडे शाळेला येत. माझ्या वर्गात एक मुलगा होता. उशीर का झाला विचारले की खाली मान घालून एकच शब्द सांगायचा, "सुकती." म्हणजे ओहोटी. त्यावर शिक्षा काय करणार? समुद्रालाच करावी लागली असती. तो पूल झाला याचा मला आनंदच आहे. त्या मुलाच्या नातवंडांना तरी सुकतीची सबब सांगावी लागणार नाही.

तेव्हा मी पुलांच्या विरोधात आहे असे कोणी समजू नये. आमच्या जिल्ह्यातला अत्यवस्थ रुग्ण आजही बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजकडे धाव घेतो. रात्री दोन वाजता त्याच्या नातेवाइकांना निसर्गसौंदर्य सांगत बसणारा माणूस मूर्ख. त्यांना रुंद रस्ता आणि पक्का पूल मिळालाच पाहिजे.

माझी काळजी वेगळी आहे. रेवसपासून रेडीपर्यंतच्या सागरी महामार्गाची कल्पना बॅ. अंतुले यांच्या काळातली, म्हणजे चाळीस वर्षांहून जुनी. ती आता खरोखर पुढे सरकते आहे. चिपीचा विमानतळ २०२१ साली सुरू झाला, मोपाचा २०२३ च्या जानेवारीत. मोपा तर पेडण्यातच. हे सगळे चांगले आहे असे धरून चालू. पण नकाशा पाहा. सागरी महामार्गाचे दक्षिण टोक रेडी आहे. पाचशे किलोमीटरच्या आसपास लांबीच्या रस्त्याची वाहने रेडीला येऊन थांबणार नाहीत, त्यांना गोवा हवा आहे. ती एक तर तेरेखोलच्या सड्यावर चढतील, नाहीतर आरोंद्याच्या वाटेने किरणपाणीच्या पुलावर येतील. म्हणजे नेमकी पोदेराची, मासळीवाल्याची आणि शाळेतल्या मुलींची वाट. मग रुंदीकरण आले. रुंदीकरण आले की पहिली जातात ती कडेची झाडे, दुसरी साइडपट्टी आणि तिसरी सायकल. एकदा आईबापांना भीती वाटली की मुलीच्या हातून सायकल सुटते आणि ती रिक्षात बसते. रिक्षाचे पैसे नसतील तर काय होते, ते शिक्षकांना विचारा.

केरी-तेरेखोल पुलाचाही विषय कित्येक वर्षे निघतो आहे. पूल झाला की फेरीबोट गेली, असा सर्वसाधारण अनुभव. शिवोली-चोपडे पूल झाला, तिथली फेरीबोट इतिहासजमा झाली. पण असे व्हायलाच हवे असे नाही. पणजीला मांडवीवर एक सोडून तीन पूल आहेत, तरी पणजी-बेती फेरीबोट चालूच आहे. त्याच मांडवीवरचा १९७० साली सुरू झालेला नेहरू पूल १९८६ च्या जुलैत कोसळला, तेव्हा लोकांना याच फेरीबोटींनी पार नेले. फेरीबोट ही नुसती हौस नाही, अडीअडचणीची ठेव आहे. आणि सायकलवाल्याला तर ती पुलापेक्षा केव्हाही सोयीची. चढ नाही, मागून ट्रकचा हॉर्न नाही, आणि दहा मिनिटे दम खायला मिळतो.

माझ्या मागण्या फार नाहीत. नवा मोठा रस्ता करायचाच तर तो वस्तीपासून दूर, आतून न्या. शिरोडा-रेडी-तेरेखोल-केरी-किरणपाणी-आरोंदा हा जुना फेरा रुंद करू नका, फक्त खड्डे भरा आणि साइडपट्टी नीट ठेवा. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी त्यावर अवजड वाहने बंद ठेवा. फेरीबोट चालू ठेवा आणि दोन्ही धक्क्यांवर भरती-ओहोटीच्या वेळा फळ्यावर खडूने लिहा. याला लागणारा पैसा एका पुलाच्या एका खांबाइतकाही नसेल. अडचण पैशाची नाहीच, दोन राज्यांच्या दोन खात्यांनी एका टेबलाशी बसण्याची आहे.

इथे मला २०२० सालची आठवण होते. एरवी ही हद्द कोणाला जाणवत नाही. पेट्रोल कुठे स्वस्त आणि चेकनाक्यावर कोणाची डिकी उघडली, एवढ्यापुरतीच ती. दोन्ही काठांवर बोली मिळतीजुळती, सोयरिकी एकमेकांत, आमची पोरे नोकरीला तिकडे. पण कोरोनात सीमा बंद झाल्या आणि नदी एकाएकी रुंद झाली. एमएच ०७ ची गाडी अलीकडे, जीएची पलीकडे. पाटीवरून माणसाचे राज्य ठरू लागले. तेव्हा माझ्या लक्षात आले की सायकलला पाटी नसते. ती कुठल्या राज्याची, हे कोणी सांगू शकत नाही. या मुलखाला शोभणारे वाहन तेच. आणि ज्या रस्त्यावर सायकल निर्धास्त चालते, तो रस्ता दोन्ही काठांना एक गाव मानतो, असे मला वाटते.

भाच्याला अजून एक सांगायचे राहिले, ते इथेच लिहितो, तो वाचेल. बाबा रे, फेरीबोटीतून उतरताना घाई करू नकोस. आधी डोक्यावर पाट्या असलेल्या बायकांना उतरू दे. त्या रोज जातात, तू एक दिवस आला आहेस.