पाऊस आला तर

 शेक्सपिअरच्या नावाशी जोडलेला २३ एप्रिल हा दिवस संयुक्त राष्ट्रे २०१० पासून इंग्रजी भाषा दिन म्हणून पाळतात. जळगावात त्याची फारशी कुणाला खबर नसते. मात्र परीक्षा संपताच ‘फाडफाड इंग्रजी’च्या उन्हाळी बॅचचे फलक चौकाचौकात लागतात आणि रणरणत्या उन्हातही त्या वर्गांची बाके भरतात.

धरणगाव-पारोळ्याकडचा एखादा कापूसवाल्याचा मुलगा तिथे वाक्य जुळवतो, ‘इफ द रेन केम, वुई विल सो कॉटन.’ सर ‘केम’वर काट मारून ‘इफ इट रेन्स’ लिहितात आणि पुढे जातात. का, ते सांगत नाहीत. घरी बाप म्हणत असतो, ‘पाऊस आला तर पेरू.’ यातला ‘आला’ रूपाने भूतकाळी. पाऊस मात्र अजून यायचा आहे आणि तो येईल ही आशा शाबूत आहे. इंग्रजीत अशा खऱ्याखुऱ्या अटीला वर्तमानकाळ लागतो. तिथे ‘केम’ म्हटले आणि पुढे ‘वुड’ आले, की पाऊस येण्याची शक्यताच मावळू लागते. मुलाने आशा मांडली होती. इंग्रजीने त्यात शंका वाचली.

हुकलेल्या गोष्टींचेही तेच. ‘भाव मिळाला असता तर कर्ज फिटले असते’ या वाक्यात ‘असता-असते’ दोन्हीकडे बसते. म्हणून मुलगा ‘वुड हॅव’ही दोन्हीकडे बसवतो. (अमेरिकी बोलण्यात हीच चूक सर्रास ऐकू येते.)

क्रियापदातून सुटावे तर पुढचे शब्दयोगी अव्यय अडवते. ‘आय वुड वेट यू’ मधला ‘फॉर’ गळतो, कारण आपण कुणाची तरी वाट पाहतो आणि त्या ‘ची’तून ‘फॉर’ सुचणे अवघड. ‘ही वुड बी अँग्री ऑन मी’, कारण राग आपल्याकडे माणसावर येतो. लग्नही कुणाशी तरी लागते. त्यामुळे ‘मॅरीड’पुढे ‘विथ’ येऊन बसतो. या प्रत्येक चुकीमागे मराठीचे व्याकरण चोख पाळलेले असते. अहिराणीत वाढलेल्या मुलाने तर त्याआधी शाळेची मराठीही अशीच चुकत-माकत कमावलेली असते.

दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण लिहिले, ते इंग्रजी व्याकरणाचा साचा समोर ठेवून. आज उलट दिशेने, मराठीकडून इंग्रजीकडे पाहायला हवे. यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि कादंबऱ्या त्यांनी मराठीत लिहिल्या. दोन्ही भाषा शेजारी ठेवून पाहणे या मातीला नवे नाही. फळ्यावर एका बाजूला ‘पाऊस आला तर’ आणि दुसऱ्या बाजूला ‘इफ इट रेन्स’ लिहायला पाच मिनिटे पुरतात. पण उन्हाळी बॅच खपते ती ‘वर्गात मराठी बंद’ या हमीवर, आणि ती हमी पालकच मागतात.