विश्लेषण : मूल गप्प झालं, तर पहिला प्रश्न कुणी विचारायचा? डहाणू-तलासरीतल्या किशोरवयीनांचं मानसिक आरोग्य

१०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्याचं शिक्षण घेतलेली प्रशिक्षित व्यक्ती असायलाच हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सांगितलं. या निकालाची चर्चा झाली ती मुख्यतः शहरांतल्या कोचिंग क्लासच्या संदर्भात. पण ‘प्रत्येक शिक्षणसंस्था’ म्हणताना त्यात पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या आश्रमशाळा आणि वसतिगृहंही येतात. तिथल्या मुलांचा ताण कोणता, तो ओळखायचा कसा आणि ओळखल्यावर करायचं काय, हे समजून घेऊ या.

न्यायालयाने नेमकं काय सांगितलं?

विशाखापट्टणममध्ये ‘नीट’ची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या विद्यार्थिनीचा २०२३ मध्ये मृत्यू झाला होता. त्या प्रकरणात न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि न्यायमूर्ती संदीप मेहता यांच्या पीठाने १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. केंद्र किंवा राज्य कायदा करेपर्यंत त्या बंधनकारक आहेत.

डहाणू-तलासरीच्या दृष्टीने त्यातल्या चार महत्त्वाच्या. १०० पेक्षा कमी विद्यार्थी असतील, तर शाळेने बाहेरच्या तज्ज्ञाशी कायमचा संपर्क ठरवून ठेवायचा. शिक्षक आणि इतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचं. अनुसूचित जमातींसह वंचित गटांतल्या मुलांशी संवेदनशीलपणे कसं वागायचं, हे त्यांना शिकवायचं. आणि मदतीचे फोन नंबर वर्गात आणि वसतिगृहात ठळक अक्षरांत लावायचे. यावर देखरेखीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायची आहे.

प्रश्न किती मोठा?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यातल्या सर्वाधिक, म्हणजे १,७६४ महाराष्ट्रातल्या होत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते १० ते १९ वयोगटातल्या दर सात मुलांपैकी एकाला मानसिक आरोग्याची काही ना काही समस्या असते.

इथे एक अडचण आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातलं प्रमाण ७.३ टक्के आढळलं. मात्र ज्या १२ राज्यांत हे सर्वेक्षण झालं, त्यात महाराष्ट्र नव्हता. तलासरीच्या शेजारचा गुजरात होता. त्यामुळे आश्रमशाळांबद्दलचं धोरण आकड्यांवरून ठरवायचं म्हटलं, तर हा आधार अपुरा पडतो.

डहाणू-तलासरीत वेगळं काय?

२०११ च्या जनगणनेनुसार तलासरी तालुक्यात दर दहा माणसांमागे नऊ आदिवासी आहेत, तर डहाणूत सुमारे दोन तृतीयांश. वारली समाज सर्वांत मोठा. मुलांच्या शिक्षणाचा मोठा भार आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांवर आहे आणि त्यांचा कारभार डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातून चालतो.

सहा-सात वर्षांचं मूल घर सोडून वसतिगृहात राहायला येतं. घरची बोली वारली, पुस्तकातली मराठी वेगळी. दिवाळीनंतर अनेक पाड्यांवरची माणसं वीटभट्टीवर, बांधकामावर किंवा गुजरातमध्ये कामाला जातात. काही घरांतले पुरुष गुजरातच्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून जातात. बोट पाकिस्तानच्या हद्दीत पकडली गेली, तर ते वर्षानुवर्षं परत येत नाहीत. अशा घरातला पंधरा वर्षांचा मुलगा अभ्यास करतो की घराचा विचार करतो, हे हजेरीपटावरून कळत नाही.

त्यात २०१८ पासून भूकंपाची भर पडली. नोव्हेंबर २०१८ मध्ये डहाणू तालुक्यातल्या धुंदलवाडी परिसरात धक्के सुरू झाले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एकाच दिवसात अनेक धक्के बसले आणि घाबरून पळताना पडल्यामुळे दोन वर्षांच्या एका मुलीचा जीव गेला. थंडीच्या दिवसांत लोक घराबाहेर, तंबूत झोपले. धक्के पुढेही येत राहिले. एकच मोठा भूकंप होऊन गेला, तर माणूस हळूहळू सावरतो. इथे पुढचा धक्का कधी येईल, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. अशा टांगत्या भीतीचा परिणाम झोपेवर आणि एकाग्रतेवर होतो. भिंतीला गेलेले तडे पंचनाम्यात नोंदवता येतात, मुलांची उडालेली झोप नोंदवायला रकाना नसतो.

लक्षणं कशी ओळखायची?

‘मला नैराश्य आलंय’ असं किशोरवयीन मूल सहसा म्हणत नाही. ते म्हणतं, पोट दुखतंय, डोकं जड झालंय, जीव घाबरतो, कशात मन लागत नाही. तपासणीत काही सापडलं नाही, की ‘नाटक करतंय’ असा शिक्का बसतो. वेदना मात्र खरी असते. मनावरचा ताण शरीरातून बोलतो.

मोठ्यांचं नैराश्य उदासीतून दिसतं, मुलांमध्ये ते चिडचिडीतूनही दिसतं. त्यामुळे सतत भांडणारा, उलट उत्तरं देणारा मुलगा ‘वाया गेलेला’ नसून त्रासात असू शकतो. पुढचे बदल साधारण दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर लक्ष द्यायला हवं :

• झोप किंवा जेवण एकदम कमी-जास्त होणं
• खेळ, तारपानाच, चित्रं अशा आवडत्या गोष्टींतून मन उडणं
• मित्रांपासून दूर, एकटं राहणं
• अभ्यासात अचानक घसरण
• तंबाखू, ताडी किंवा दारू सुरू होणं किंवा वाढणं
• स्वतःला इजा करणं
• ‘मी नसलो तर बरं होईल’ असं बोलणं, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, निरोप घेतल्यासारखं वागणं

शेवटच्या दोन गोष्टी दिसल्या, तर दोन आठवडे थांबायचं नाही. त्याच दिवशी मदत घ्यायची.

आश्रमशाळेत आणखी एक खूण महत्त्वाची ठरते : सुट्टीला घरी गेलेलं मूल परत न येणं. पटावर त्याची नोंद ‘गैरहजर’ एवढीच होते. कारण शेतीचं काम, लग्न किंवा लहान भावंडं सांभाळणं असू शकतं. पण मारहाण, चिडवणं, लैंगिक त्रास किंवा असह्य एकटेपणा हेही असू शकतं. म्हणून गैरहजेरीनंतर घरी फक्त ‘कधी येणार?’ असा निरोप धाडून भागत नाही. ‘का यावंसं वाटत नाही?’ हेही विचारावं लागतं.

विचारायचं कसं?

एकांतात, घाई न करता आणि मुलाच्या बोलीत. ‘काय झालं सांग पटकन’ यापेक्षा ‘गेले काही दिवस तू जेवत नाहीस, मला काळजी वाटते’ असं म्हटलं, तर मूल बोलण्याची शक्यता अधिक. लगेच उपदेश नको, इतरांशी तुलना नको. ‘तुझ्यापेक्षा वाईट परिस्थितीत मुलं शिकली’ या वाक्याने बोलणं तिथेच थांबतं.

जीव द्यावासा वाटतो का, हे थेट विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. जागतिक आरोग्य संघटना उलट सांगते : थेट विचारल्याने मनावरचं ओझं हलकं होऊ शकतं. उत्तर ‘हो’ आलं, तर मुलाला एकटं सोडायचं नाही, धोकादायक वस्तू दूर करायच्या आणि डॉक्टरांकडे न्यायचं. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नये. ‘तुला मदत करू शकतील अशाच माणसांना सांगेन’ असं म्हणावं.

भगत की डॉक्टर?

मूल गप्प झालं, किंचाळायला लागलं, तर अनेक घरांत ‘बाहेरचं’ काही आहे असं मानून आधी भगताकडे जातात. त्यावरून घरच्यांना झापलं, तर ते पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाहीत. भगत गावातला, ओळखीचा आणि त्यांच्याच बोलीत बोलणारा असतो. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय तलासरीहून शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. त्यामुळे घरच्यांना विधी सोडायला न सांगता, त्यासोबत दवाखान्यातही दाखवा असं सांगणं अधिक उपयोगी. मात्र मारहाण, चटके, बांधून ठेवणं किंवा चालू औषधं बंद करणं असे प्रकार असतील, तर तिथे तडजोड नाही.

दुसरी भीती पोलीस केसची. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावात होती असं गृहीत धरलं जातं. तिला शिक्षा नव्हे, उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे.

मदत कुठे मिळते?

‘टेली मानस’चा १४४१६ हा क्रमांक २४ तास मोफत सुरू असतो आणि मराठीत बोलता येतं. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. मुलावर अत्याचार होत असल्याची शंका असेल, तर १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही ती पोलिसांना न देणं हा ‘पोक्सो’ कायद्याखाली गुन्हा आहे.

प्रत्यक्ष तपासणीसाठी पहिला टप्पा म्हणजे जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यानंतर डहाणू किंवा कासा इथलं उपजिल्हा रुग्णालय आणि तलासरीचं ग्रामीण रुग्णालय. तिथे किशोरवयीनांसाठीचं ‘मैत्री क्लिनिक’ आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे तज्ज्ञ कोणत्या दिवशी असतात, हे शाळेने आधीच विचारून ठेवायला हवं. जिवाला धोका असेल, तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.

खरा अडथळा कुठे आहे?

मानसोपचारतज्ज्ञ कमी आहेत, हे खरं. पण न्यायालयाने प्रत्येक शाळेत मानसोपचारतज्ज्ञ मागितलेला नाही. किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेली समाजकार्याची पदवीधर व्यक्तीही चालणार आहे. ती वारली बोलणारी, याच तालुक्यातली असू शकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं तपासणीसाठी शाळांमध्ये येतच असतात. उंची, वजन, डोळे, दात पाहताना झोप आणि मनःस्थितीबद्दल दोन-तीन प्रश्न विचारायला वेगळी यंत्रणा उभारावी लागणार नाही.

आज आश्रमशाळेत हे काम आपसूक अधीक्षक किंवा अधीक्षिकेवर येऊन पडतं. धान्याचा हिशेब, हजेरी, आजारी मुलं आणि शिस्त हे सगळं त्याच माणसाकडे असतं. जो शिक्षा करू शकतो, त्याच्यापाशी मूल मन मोकळं करत नाही. त्यामुळे समुपदेशकाचं काम अधीक्षकाच्याच नावावर टाकून कागद पूर्ण केला, तर निकालाचा हेतू साधणार नाही.

पालकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला तीन गोष्टी विचारता येतील. आमच्या शाळेसाठी नेमलेली व्यक्ती कोण? शिक्षकांचं शेवटचं प्रशिक्षण कधी झालं? आणि १४४१६ हा नंबर मुलांना दिसेल अशा भिंतीवर लिहिलाय का? आणि नंबर भिंतीवर असला, तरी तो लावायला वसतिगृहातल्या मुलाला फोन मिळतो का, हेही त्याच बैठकीत विचारायला हवं.