पैठणी कुठल्या मागावरची, ते बिलावर लिहा

लग्नसराईच्या खरेदीला निघालेल्या सर्वांस आणि साडी विकणाऱ्या दुकानदारांस,

जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाच्या मॉडेलांच्या पायांत कोल्हापुरी चपला दिसल्या आणि महाराष्ट्र खवळला. कंपनीने त्यांना नुसतं ‘लेदर सँडल’ म्हटलं होतं. कोल्हापूरचा उल्लेख नव्हता, चपला शिवणाऱ्यांचा तर नव्हताच. ओरड झाल्यावर या चपलांमागे भारतीय कारागिरीची प्रेरणा असल्याचं कंपनीला मान्य करावं लागलं. राग रास्तच होता. पण वस्तू कुठली, कुणी केली आणि कशी केली ते सांगा, ही मिलानकडे केलेली मागणी आपण आपल्याच पेठेतल्या साडीच्या दुकानात कधी करतो का? मी फॅशन डिझाइन शिकते आणि या पत्रकातून माझं म्हणणं एकच आहे. पैठणी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक साडीच्या बिलावर ती हातमागाची की यंत्रमागाची, रेशमाची की पॉलिएस्टरची आणि तिची जर कोणती, हे स्पष्ट लिहिलं गेलं पाहिजे.

पैठणीचे दिवस सध्या जोरात आहेत. २००४ पासून ‘होम मिनिस्टर’ या टीव्हीवरच्या कार्यक्रमाने बक्षीस म्हणून ती गावोगावच्या बैठकीच्या खोलीत नेऊन ठेवली, एरवी जिने आयुष्यात ती विकत घेतली नसती तिलाही आपल्या अंगावर पैठणी दिसू लागली. मग काठ साडीतून सुटला आणि कुर्त्याला, जॅकेटला, लहान मुलीच्या परकर-पोलक्याला, पर्सला, अगदी कोरोनात मास्कलासुद्धा लागला. दुकानात आता सेमी पैठणी, महाराणी पैठणी, पैठणी सिल्क, डिजिटल प्रिंटची पैठणी अशी नावांची रांगच असते. नाव पसरलं, मागणी वाढली, तर येवल्या-पैठणच्या विणकराचं भलं व्हायला हवं. पण ही मागणी त्याच्या मागापर्यंत पोहोचण्याआधीच बनारस, सुरत, बंगळुरूकडच्या यंत्रमागांकडे वळते, आणि तिथला माल विकला जातो तोही त्याच्याच मालाचं नाव लावून. खुद्द येवल्यातही दोन्ही प्रकार एकाच फळीवर शेजारी शेजारी मिळतात.

फरक काय आहे, तो साडी उलटी केली की कळतो. हातमागावर पदरातल्या मोराच्या प्रत्येक रंगाला वेगळी तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली छोटी नळी, असते. विणकर ताण्याचे मोजके धागे उचलून ती त्यांखालून घालतो, आणि तो रंग जिथे संपतो तिथे शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून मागे फिरवतो. त्यामुळे मोर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा दिसतो. यंत्रमागावर नक्षीचा धागा पन्ह्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो. जिथे त्याचं काम नसतं तिथे तो मागच्या बाजूला मोकळा राहतो आणि पुढे कातरला जातो, म्हणून उलट बाजूला झिपऱ्या दिसतात किंवा त्या झाकायला जाळी लावलेली असते. आता जरा हिशेब करू. साध्या पदराच्या पैठणीलाही महिना-दीड महिना लागतो. अंगभर ब्रोकेड असेल तर वर्षही जातं. विणकराला दिवसाला ५०० रुपये धरले, आणि कुशल कारागिराला ही काही चैन नव्हे, तर कामाच्या तीस दिवसांचे १५,००० रुपये नुसत्या विणाईचे झाले. बंगळुरूचं रेशीम, सुरतेची जर, रंगणावळ, मागावर ताणा चढवणाऱ्याची मजुरी आणि दुकानदाराचा नफा यांत धरलेलाच नाही. असं असताना ३,००० रुपयांना ‘ओरिजनल हँडलूम पैठणी’ विकणारा एकतर विणकराला उपाशी ठेवतो किंवा गिऱ्हाइकाशी खोटं बोलतो. बहुतेक वेळा दुसरंच.

यावर कायदा आहेच की, असं कुणी म्हणेल. आहे. १९८५ च्या कायद्याने काही वस्तू हातमागासाठी राखीव ठेवल्या, आज त्या अकरा आहेत आणि साडी त्यांत आहे. यंत्रमागवाल्यांनी या कायद्याला आव्हान दिलं, पण १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. मात्र हा कायदा उत्पादनावरचा आहे. त्याची नजर मागावर असते, दुकानाच्या काउंटरवर काय बोललं जातं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पैठणीला भौगोलिक मानांकन मिळूनही दशक उलटलं. नावाचा गैरवापर केल्यास मानांकनाच्या कायद्यात शिक्षेची तरतूदही आहे, पण महिनाभर एका पदरावर बसलेला विणकर पुण्या-ठाण्याच्या दुकानाविरुद्ध तक्रार घेऊन कधी फिरणार? खरा घोळ तर खुणांचा आहे. सिल्क मार्क फक्त एवढंच सांगतो की रेशीम शुद्ध आहे. मागाबद्दल तो अवाक्षर काढत नाही. माग कोणता ते सांगणारा हँडलूम मार्क २००६ मध्ये आला, पण तो लावणं ऐच्छिक. त्यामुळे यंत्रमागावरच्या शुद्ध रेशमी साडीला सिल्क मार्कचा टॅग अडकवायचा, गिऱ्हाइकाने ‘ओरिजनल आहे ना?’ विचारलं की टॅगकडे बोट दाखवायचं, आणि ओरिजनल काय ते दोघांनीही बोलायचं नाही. टॅग खरा, रेशीम खरं, आणि तरीही फसवणूक पूर्ण. हे बेकायदा ठरवणं किती अवघड आहे ते लक्षात घ्या, म्हणजे मी बिलाचा आग्रह का धरते ते कळेल.

सगळ्यात वजनदार आक्षेप पैशाचा. चाळीस हजारांची साडी कुणाला परवडते? मुलीच्या लग्नात आईला पैठणीच नेसायची असेल आणि खिशात तीन हजार असतील, तर तिने काय करावं? तिने खुशाल यंत्रमागाची साडी घ्यावी, मिरवावी, आणि तिला कुणी नाक मुरडू नये. स्वस्त साडीशी माझं भांडण नाही. यंत्रमागावर बारा-बारा तास उभा राहणारा कामगारही कामगारच आहे. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव याच धंद्यावर जगतात. पण ज्या बाईकडे पैसा कमी तिलाच खोटं सांगायचं, हा कुठला न्याय? ‘सेमी’ म्हणून तीन हजारांना मिळणारी साडी ‘हातमागाची’ म्हणून बारा हजारांना गळ्यात मारली जाते, तेव्हा नऊ हजार तिच्याच पदराचे जातात. छापील बिलाने गरीब गिऱ्हाइकाचं काहीच बिघडत नाही, बिघडतं ते मधल्या माणसाचं.

माझ्याच क्षेत्रातले लोक वेगळा मुद्दा काढतात. फॅशन म्हणजे नक्कलच, ती कुणाच्या बापाची नसते. शिवाय परंपरा कुठे गोठलेली आहे? येवल्याच्या विणकरांनीही काठासाठी जकार्ड, म्हणजे नक्षीसाठी ताण्याचे धागे उचलणारं यंत्र, स्वीकारलं, मग शुद्ध-अशुद्ध कोण ठरवणार? यातलं अर्धं मला मान्य आहे. मुनिया, असावली, बांगडी मोर, नारळी काठ यांवर कुणी पहारा ठेवू नये. डिझायनरने ते छापावेत, भरतकामात घ्यावेत, डेनिमवर उतरवावेत. जकार्ड लावलेला हातमाग हातमागच राहतो, कारण धोटा माणूसच फेकतो आणि वेळही माणसाचाच जातो. बिलावर मला शुद्धतेचा दाखला नकोच आहे. हातमाग होता की नव्हता, याचं सरळ उत्तर हवं आहे, आणि ते प्रत्येक घाऊक व्यापाऱ्याला ठाऊक असतं. नक्षी घेणं ही फॅशन झाली. दुसऱ्याने दिलेल्या महिनाभराच्या श्रमाची किंमत आपल्या गल्ल्यात टाकणं, ही फॅशन कशी?

आणि ‘जी कला स्वतःच्या पायावर उभी राहू शकत नाही ती जाऊ द्या’ म्हणणाऱ्यांना मी उलट विचारते की, तिला बाजारात स्वतःच्या नावाने उभं राहू दिलं कधी? २०१९-२० च्या हातमाग गणनेनुसार देशात ३५ लाखांवर हातमाग कामगार आहेत, आणि दोन तृतीयांश विणकर कुटुंबांचं महिन्याचं उत्पन्न ५,००० रुपयांच्या आत आहे. या आकड्यानंतर विणकराच्या मुलाने माग सोडून दुसरी नोकरी धरली, तर त्याला वारसा जपण्याचं प्रवचन देण्याचा हक्क आपल्याला उरत नाही. त्याला कौतुक नको, भाव हवा. आणि हातमागाची साडी व यंत्रमागाची साडी गिऱ्हाइकाला वेगळी दिसेपर्यंत तो भाव मिळणार नाही, कारण दोन्ही एकाच नावाने विकल्या जातात तेव्हा स्वस्त साडीच किंमत ठरवते. सोन्यात हेच होत होतं. १६ जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. तेव्हाही सराफांनी धंदा बुडेल म्हणून आरडाओरडा केला होता. आज शिक्का पाहिल्याशिवाय कुणी बांगडी घेत नाही आणि सराफ कट्टे बंदही पडले नाहीत.

राज्य सरकारने पैठणीसाठी अशी सक्ती करावी, ही मागणी आहेच. पण शासनाचा आदेश निघेपर्यंत दोन-चार लग्नसराया सहज निघून जातील. तोवर हे आपल्याच हातात आहे. पदर उलटा करून पाहा. हँडलूम मार्क आहे का, विचारा. दुकानदार ‘हातमागाची’ म्हणाला, तर तोच शब्द, रेशमाचा प्रकार आणि जरीचा प्रकार यांसह, बिलावर लिहून द्यायला सांगा. प्रामाणिक दुकानदाराला यात एका ओळीची शाई लागते. जो ‘बिलावर असं लिहायची पद्धत नाही’ म्हणेल, त्याच्याकडून साडी घ्यायची तर सेमीच्या भावाने घ्या. बिलावरचा शब्द जपून ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगापुढे तो पुरावा म्हणून ठेवता येतो. काउंटरवर तोंडी सांगितलेलं सिद्ध करताना मात्र नाकी नऊ येतात.

आपली,
फॅशन डिझाइनची एक विद्यार्थिनी

(वाचून झाल्यावर पुढच्या गिऱ्हाइकाला द्यावे.)