सूचना संपल्यावर थांबणाऱ्या बायका

रविवारची मिस्सा संपत आली की फादर एक कागद हातात घेतात. आता सूचना. अमक्या वाडीतल्या मुलाचं तमक्या गावच्या मुलीशी लग्न ठरलं आहे, कुणाची हरकत असल्यास कळवावी. पुढच्या रविवारी हॉलमध्ये रक्तदान शिबिर. दहावीच्या मुलांना गणित शिकवायला कुणी तयार असेल तर ऑफिसात नाव द्यावं. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर कळवावं. सणाच्या तयारीची बैठक बुधवारी संध्याकाळी. तोवर मागच्या बाकांवरची मंडळी दाराकडे सरकलेली असतात. कुणाला बाजार गाठायचा असतो, कुणाच्या घरी पाहुणे यायचे असतात.

वसईतलं चर्च घ्या, मुंबईच्या उपनगरातलं घ्या किंवा गोव्यातलं, सूचनांचा हा कागद थोड्याफार फरकानं असाच असतो. वस्तीला काय हवं आहे याची इतकी प्रामाणिक यादी दुसरीकडे क्वचितच वाचायला मिळेल. आणि सूचना संपल्यावर जी चार-पाच माणसं थांबून ऑफिसकडे वळतात, त्यांत बहुतेक बायका असतात. हे सदर त्यांच्याविषयी आहे. त्यांच्यात सामील व्हावं असं ज्यांना वाटतं पण सुरुवात कशी करायची ते कळत नाही, त्यांच्यासाठीही आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. सणाच्या कामाला माणसं कमी पडत नाहीत. मुंबईत वांद्र्याच्या टेकडीवर मोतमाउलीची जत्रा भरते. ८ सप्टेंबरच्या मारियेच्या जन्मसणानंतर ती आठवडाभर चालते. कोळी, हिंदू, पारशी, मुसलमान असे सगळे तिथे नवस फेडायला येतात. कुणी मेणाचा पाय वाहतं, कुणी मेणाचं घर. रांगा लावणं, म्हाताऱ्यांना वर नेणं, हरवलेली मुलं सांभाळणं, प्रथमोपचार, पाणी या सगळ्याला स्वयंसेवक लागतात आणि ते मिळतात. गावोगावच्या फेस्ताचंही तसंच. नाताळच्या आधी गोठा बांधायला, कॅरल म्हणत घरोघर फिरायला तरुण मुलं-मुली रात्र रात्र जागतात. त्या कामात मजा आहे, सोबत आहे, चार लोकांनी पाहिल्याचं समाधान आहे. त्यात वाईट काहीच नाही.

अडतं ते नंतर. फेस्ताचे मंडप उतरले की दर मंगळवारी दुपारी एखाद्या एकट्या आजींकडे जाऊन बसायला कोण आहे? दर शनिवारी तासभर त्याच सहा मुलांना अपूर्णांक शिकवायला कोण आहे? इथे मंडप नाही, बिल्ला नाही, फोटो नाही. आणि कॅथलिक चर्चमधलं सगळ्यात जुनं, सगळ्यात शिस्तीचं सेवाकार्य नेमकं असंच आहे.

सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचं नाव तुम्ही चर्चच्या आवारातल्या एखाद्या पेटीवर वाचलं असेल. ही संस्था पॅरिसमध्ये १८३३ साली निघाली. काढणारे होते कायदा वगैरे शिकणारे विद्यार्थी आणि त्यांतला पुढारी फ्रेडरिक ओझानम जेमतेम वीस वर्षांचा होता. वादसभेत कुणीतरी या मुलांना टोमणा मारला की तुमचा धर्म पूर्वी मोठा असेल, आज तुम्ही स्वतः काय करता ते सांगा. ही पोरं चिडली नाहीत, कामाला लागली. गरीब वस्तीत वर्षानुवर्षं काम केलेल्या सिस्टर रोझाली रांदू यांनी त्यांना शिकवलं की गरिबाला आपल्या दारात बोलावू नका, तुम्ही त्याच्या घरी जा.

एवढ्या एका वाक्यात मदतीची सगळी तऱ्हा बदलते. दारात येणाऱ्याला रांगेत उभं राहावं लागतं, आपली गरज सगळ्यांसमोर सांगावी लागते. घरी जाणाऱ्याला मात्र पाहुण्यासारखं वागावं लागतं. सोसायटीचे सभासद दोघादोघांनी जातात, एकटं कुणी जात नाही. कुणाला काय दिलं हे गटाच्या बाहेर बोलायचं नाही. बैठकीच्या शेवटी एक पिशवी फिरते आणि प्रत्येकजण तिच्यात मूठ घालतो. कुणी किती टाकले ते शेजारच्यालाही कळत नाही. एखाद्याकडे टाकायला काही नसेल तर तेही कळत नाही. या पिशवीइतकी सभ्य व्यवस्था मला दुसरी माहीत नाही. आपल्याकडे मंदिराच्या पायरीपासून शाळेच्या बाकापर्यंत देणगीदाराचं नाव कोरायची हौस आहे आणि चर्चच्या बाकांवरही ती दिसते, म्हणून तर ही पिशवी जास्त उठून दिसते.

गंमत अशी की ज्या कामाचा पहिला धडा एका बाईनं दिला, त्या संस्थेत बायकांना जागा नव्हती. १८५६ साली इटलीतल्या बोलोन्यात बायकांची वेगळी शाखा निघाली आणि दोन्ही शाखा एक व्हायला १९६७ उजाडलं. मध्ये एकशे अकरा वर्षं गेली. आज कुठल्याही चर्चमध्ये जाऊन पाहा, भेटी देणाऱ्यांत बायकांचं प्रमाण डोळ्यांत भरतं.

या भेटींचं एक तंत्र आहे. ते कुठल्याही धर्माच्या, कुठल्याही मंडळाच्या बाईला उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर सांगते. जेवणाच्या वेळी जायचं नाही. घरात पाहुण्याला वाढण्याइतकं नसलं की बाई ओशाळते. रेशन न्यायचं तर साध्या पिशवीत न्यावं, संस्थेचं नाव छापलेल्या पिशवीत नाही, कारण चाळीतले डोळे पिशवीवर असतात. बसायला जे देतील त्यावर बसावं, पाणी दिलं तर घ्यावं. आल्या आल्या वही काढून प्रश्न विचारू नयेत. आधी मुलं कशी आहेत, गुडघा कसा आहे, नळाला पाणी कधी येतं, एवढंच. खरी अडचण दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत आपणहून बाहेर येते आणि ती बहुधा तांदळाची नसतेच. ती मुलाच्या तुंबलेल्या फीची असते किंवा दाखल्यासाठी चौथ्यांदा परत पाठवलेल्या अर्जाची असते. फी असेल तर ती थेट शाळेत भरावी. औषध असेल तर "काकू, डॉक्टरांची चिठ्ठी बघू" म्हणून चिठ्ठी मागावी आणि दुकानातून औषधच आणून द्यावं. अर्ज असेल तर पैशांपेक्षा तुमची सकाळ द्यावी आणि त्यांच्याबरोबर कचेरीत जाऊन बसावं. आणि फोटो नकोच. मोबाइल आल्यापासून ही नवी खोड जडली आहे. डाळीची पिशवी घेताना मान खाली घातलेल्या बाईचं चित्र साऱ्या ग्रुपवर फिरतं. तिची मुलगी त्याच शाळेत जाते हे पाठवणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

भेटी जमत नसतील तर इतर कामं आहेतच. रक्तदान शिबिराचंच पाहा. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ आणि बायकांनी दोन रक्तदानांत चार महिन्यांचं अंतर ठेवायचं असा आपल्याकडचा नियम आहे. शिबिरात नाव नोंदवलेल्या कितीतरी बायका हिमोग्लोबिनच्या टेबलावरून परत जातात. त्यांनी हिरमुसून घरी जायचं कारण नाही. सगळ्यांचं करता करता स्वतःच्या रक्ताची तपासणी अनेकींची तिथेच पहिल्यांदा होते. शिबिरात स्वयंसेविका असाल तर परत जाणाऱ्या बाईला चहा द्या आणि दवाखान्याचा पत्ताही द्या.

मुलांच्या शिकवणीचं काम घेणार असाल तर एक नियम स्वतःला घालून घ्या. वर्ग उघड्या दाराच्या खोलीत घ्या आणि एकट्या मुलाबरोबर एकटी मोठी व्यक्ती कधीही नको, मग ती कितीही प्रतिष्ठित असो. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "चर्चची बदनामी नको" म्हणून गप्प बसण्याची सोय कायद्यानं ठेवलेली नाही आणि ठेवूही नये.

आता तुम्ही ख्रिस्ती नसाल तर? "चर्चमध्ये जाऊन काय करणार, आपली माणसं संपली का?" असं सासूबाई विचारतील. धर्मांतराची शंका हलक्या आवाजात का होईना, काढली जाईलच. तेव्हा सरळ बोलावं. रक्तदान, दवाखाना, अभ्यासवर्ग, आजाऱ्यांची सोबत या कामांना कुणी जात-धर्म विचारत नाही. प्रार्थनेला थांबणं तुमच्या इच्छेवर आहे. मदतीच्या बदल्यात प्रार्थनेला यायची अट कुणी घालताना दिसलं तर तुम्ही ते बोलून दाखवा आणि पटलं नाही तर काम सोडा. ही मोजपट्टी मंदिराच्या, मशिदीच्या, गुरुद्वाराच्या कामालाही लावावी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मुंबई जागच्या जागी थांबली. त्या रात्री भिजलेल्या माणसांना निवारा देणाऱ्यांनी आडनाव विचारलं नव्हतं. अशा वेळी शाळेच्या किंवा चर्चच्या हॉलचं महत्त्व कळतं. तिथे बाकं असतात, मोठी पातेली असतात, संडास असतात. मुख्य म्हणजे किल्ली कुणाकडे आहे आणि कोणत्या घरात आजारी माणूस आहे हे ठाऊक असलेली एखादी बाई असते.

त्या बाईचा एक प्रश्न मात्र राहतो. चहा तिनं करायचा, फुलं तिनं लावायची, आजाऱ्यांची यादी तिच्या डोक्यात असते. मग हॉलचं भाडं किती ठेवायचं, फेस्तावर खर्च किती करायचा, शिकवणीच्या खोलीला पंखा बसवायचा की घंटेचा मनोरा रंगवायचा हे ठरवताना ती कुठे असते? कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायद्यानुसार प्रत्येक पॅरिशमध्ये आर्थिक बाबींसाठी समिती असावीच लागते आणि लोकांनी दिलेल्या देणग्यांचा हिशेब लोकांना द्यावा असंही त्यात लिहिलेलं आहे. या समित्या फक्त सल्ला देतात, शेवटचा शब्द फादरचा असतो, हे खरं. पण सल्ला द्यायलाही खुर्चीवर बसावं लागतं. वर्षभर घरोघर फिरलेल्या बाईला कुठल्या घरात काय कमी आहे हे जितकं माहीत असतं, तितकं जमाखर्चाच्या वहीला माहीत नसतं. म्हणून पुढच्या वेळी समितीची नावं मागवली जातील तेव्हा मागच्या बाकावरच्या मैत्रिणीनं तिचं नाव सुचवावं. ती स्वतःहून सुचवणार नाही.

असं काम वाढलं तर कुठवर जातं याचं उदाहरण वसईतच आहे. सावकाराच्या व्याजात अडकलेल्या माणसांना आधार मिळावा म्हणून मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकारानं १९१८ साली तिथे सहकारी पतव्यवहार सुरू झाला. आजची बसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक ती हीच.

सुरुवात करणारीनं मात्र एवढ्या दूरचं पाहू नये. आपल्या आठवड्यातला खरोखर मोकळा असलेला एकच तास शोधावा. मुलांच्या परीक्षा, दिवाळी, गावची लग्नं धरूनसुद्धा तो मोकळा राहील का ते पाहावं. मग चर्चच्या ऑफिसात जाऊन तेवढाच तास सांगावा. उत्साहात तीन तास कबूल करून दुसऱ्या महिन्यात गायब होणाऱ्या बाईपेक्षा मंगळवारी चार वाजता येते म्हणून चार वाजताच दार वाजवणारी बाई त्या आजींना हवी असते. त्यांनी साडेतीनलाच लुगडं बदललेलं असतं. आणि एखाद्या मंगळवारी जमणार नसेल तर सोमवारीच निरोप पाठवा.